कोणालाच घाई नव्हती

१

रेडिओमामा कोसळले ते भर दुपारी, भरलेल्या दवाखान्यात, आणि एकही माणूस जागचा हलला नाही.

बाहेरच्या खोलीत बाकं गच्च भरलेली होती. मामा भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. त्यांनी छाती धरली, पुढे वाकले, घामानं निथळले आणि घसरत घसरत जमिनीवर आले. आजूबाजूची माणसं बसल्या जागी बसून राहिली. पुढच्या पेशंटला बोलवायला डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांना आधी मामांची पालथी पडलेली चप्पल दिसली, मग मामा दिसले. बाईंनी गोळी चघळायला लावली, नाडीवरचा हात काढला नाही, गाडी बोलावून मोठ्या हॉस्पिटलात पोचवलं. मामा वाचले. पण बाहेर एवढी माणसं असताना हे घडलंच कसं, याचं उत्तर कोणीच देईना.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्यात फोन खणखणला.

"बाईमाणूस होती," फोन घेणारा कारकून मेट्रनबाईंना सांगत होता. "तोंडावर पदर धरल्यासारखा आवाज. म्हणाली, माणूस घामानं भिजला होता, नाडी चुकत होती, आणि बाहेर इतकी माणसं असून एकानंही हाक मारली नाही. चौकशी करा म्हणाली. नाव विचारलं तर ठेवून दिला."

मेट्रनबाई आता मेट्रन नव्हत्या. सारा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डांत काढून, निवृत्तीनंतर त्या खात्यासाठी दवाखाने तपासायचं काम करत. कुठल्या दवाखान्यात पेशंटची नीट काळजी घेतात आणि कुठे नुसती पाटी लावली आहे, हे बघायचं आणि साहेबांना कळवायचं. नाव मात्र मेट्रन हेच चिकटलं होतं.

"बाई, हा दवाखाना आम्ही बंदच करणार होतो," साहेब म्हणाले. "गेल्या वर्षी तिथे माश्या मारत बसायची वेळ होती. मग अचानक काय झालं कोण जाणे, बघावं तेव्हा जत्रा! म्हणून राहू दिला. आता हे लचांड. हलगर्जी असेल तर टाळं ठोकायला मला एवढंसं कारण पुरे आहे."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर माणसं बसून का राहिली, ते मला समजावून सांगा."

मेट्रनबाईंनी पिशवी उचलली. कुठल्याही दवाखान्यात आधी ओळख सांगायची नाही, पेशंट म्हणून जाऊन बसायचं, ही त्यांची पद्धत. ओळख सांगितली की फरशीसुद्धा चकचकीत होते, असं त्या म्हणत.

खिडकीपाशी बसलेल्या ताईनं त्यांना नंबराचा पत्र्याचा बिल्ला दिला. या ताईला सगळे खिडकीताईच म्हणत. फिक्या पोपटी भिंती, डोळे तपासायचा तक्ता, कुरकुरणारा पंखा, कोपऱ्यात वजनकाटा. बाकावर शिवणाचा डबा मांडीवर घेऊन एक काकू झग्याला तुरपाई घालत होत्या. पलीकडे एक गोलमटोल गृहस्थ पायाला पट्टी बांधून बसले होते. त्यांच्या बाहीवर मैद्याचे डाग होते. बाकीचे निवांत. आणि डॉक्टरांचं दार किंचित जरी किलकिलं झालं, की सगळी खोली एकदम खोकू लागायची. दार लागलं की खोकला बंद.

"काय होतंय हो तुम्हांला?" काकूंनी विचारलं.

"गुडघे."

"अगं बाई! मग तुम्ही आधी जा. घ्या माझा नंबर."

तेवढ्यात तापानं फणफणलेलं मूल घेऊन एक आई आत आली. लगेच चार-पाच हात पुढे झाले. "जा गं बाई, तू आधी जा. आम्हांला कुठे घाई आहे!"

मेट्रनबाई चपापल्या. इतकी वर्षं त्यांनी पेशंट पाहिले होते. नंबरासाठी भांडणारे, पुढे घुसणारे, 'माझं दोन मिनिटांचंच काम आहे' म्हणणारे. पण स्वतःचा नंबर खिरापतीसारखा वाटणारे पेशंट त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

इतक्या मायेची ही माणसं. मग डोळ्यांदेखत कोसळलेल्या माणसासाठी यांच्यातलं एकही का उठलं नाही?

२

दुपारी गर्दी पांगल्यावर त्यांनी ओळख सांगितली आणि खिडकीताईला समोर बसवलं.

ताईचे डोळे आधीच सुजलेले होते. "मला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

"तुमच्या खिडकीतून ते बाक समोर दिसतं. ऐकू नाही आलं, पण दिसलं तर असेल?"

"मी... मी बिल्ले लावत होते." आणि ताईनं ओढणीत तोंड लपवलं.

गोलमटोल गृहस्थ बेकरीवाले निघाले. मेट्रनबाई त्यांच्या बेकरीतच गेल्या. भट्टीची ऊब, ताज्या पावाचा वास, आणि बेकरीवाले दोन्ही पायांवर ठणठणीत उभे राहून ट्रे ओढत होते. बाईंना पाहताच ते लंगडू लागले.

"कुठला पाय दुखतोय?"

बेकरीवाल्यांनी खाली पाहिलं. एकदा या पायाकडे, एकदा त्या पायाकडे. "दोन्ही," असं त्यांनी अखेर ठरवलं.

"सकाळी आत जाताना तुम्ही उजवा ओढत होतात. बाहेर येताना डावा."

"डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो! दुखणं जागेवरून हलवतात."

मेट्रनबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "रेडिओमामा पडले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

बेकरीवाल्यांचा चेहरा पडला. मघाचा मिश्कीलपणा क्षणात पुसला गेला. "शेजारीच," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मी काही पाहिलं नाही." आणि ते उगाचच भट्टीचं दार उघडून आत बघत राहिले.

सगळे तेच म्हणत होते. ज्याला विचारावं त्याचं एकच पालुपद, आम्ही काही पाहिलं नाही. खोटं बोलायला एक माणूस पुरतो, पण एकच खोटं सगळे बोलू लागले की त्यामागे सगळ्यांनी मिळून केलेलं काहीतरी असतं, हे मेट्रनबाईंना नर्सेसच्या हॉस्टेलवर राहून चांगलं ठाऊक होतं.

शिवणाच्या डब्यावाल्या शिंपीणकाकूंकडे त्या शेवटी गेल्या. काकूंनी मशीन थांबवलं नाही. "मला वाटलं, डुलकी लागली असेल मामांना."

"छाती धरून? घामानं भिजून?"

"मी म्हटलं ना, मला काय कळतंय त्यातलं..."

"काकू, तुमची आणि त्यांची नजरानजर झाली होती की नाही?"

मशीन थांबलं. काकूंचा हात चाकावरच राहिला.

"झाली होती," त्या म्हणाल्या. "पण मला वाटलं, आज इतकं छान..."

आणि त्यांनी जीभ चावली.

"इतकं छान काय?"

काकू उठल्या, आत गेल्या, आणि दाराला आतून कडी घातली.

३

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतबाहेरच्या. केस कसेबसे बांधलेले. मेट्रनबाईंना बसायला खुर्ची देऊन त्या स्वतः तपासायच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"चूक माझीच आहे," त्यांनी सुरुवातच तिथून केली. "माझं दार बंद होतं. बाहेर बघायला नर्स असायला हवी. ती जागा रिकामी आहे, पण ते कारण मी पुढे करणार नाही. बाहेरच्या कोणालाही दोष देऊ नका."

"मी अजून कोणाला दोष दिलेला नाही, डॉक्टर. बाहेर इतके पेशंट असतात, त्यांना होतं काय?"

"संमिश्र," डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"कपाट बघू का?"

औषधांचं कपाट काठोकाठ भरलेलं होतं. खोकल्याच्या बाटल्यांची सीलसुद्धा तुटलेली नव्हती. पट्ट्यांचे गठ्ठे जसेच्या तसे. फक्त मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या कमी झालेल्या. मेट्रनबाईंनी कचऱ्याची बादली पायानं जरा कलती केली. एक सुई, थोडा कापूस.

"सकाळभर बाहेर माणसं खोकत होती," त्या म्हणाल्या. "खोकल्याचं औषध एकालाही दिलं नाहीत?"

"गरम पाणी प्या, चाला आणि वेळेवर झोपा, असं सांगितलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"म्हणजे त्यांना काही झालेलं नाही, हे तुम्हांला माहीत आहे."

टेबलावरची चादर ताठ होती, तरी ती पुन्हा ताठ करत डॉक्टर म्हणाल्या, "माझ्याकडे आलेल्या माणसाला मी खोटा म्हणत नाही. काही होत नसलं तरी मी त्याला पाच मिनिटं बघते. कधी कधी त्या पाच मिनिटांत खरं काहीतरी सापडतं. बेकरीवाल्यांची साखर अशीच सापडली."

हे उत्तर मेट्रनबाईंना आवडलं. आवडू नये असं वाटत असतानाही आवडलं. आता त्यांना मामांनाच भेटायला हवं होतं.

४

मोठ्या हॉस्पिटलात मामा उशीला टेकून बसले होते. शेजारच्या पेशंटचा बिघडलेला छोटा रेडिओ त्यांच्या मांडीवर उघडा पडला होता. सिस्टर ओरडत होती आणि मामा "हा एवढा स्क्रू बसवतो हं, ताई," असं तिला लाडीगोडी लावत होते.

मेट्रनबाईंनी काम सांगताच मामांनी स्क्रू खाली ठेवला.

"माझी कोणाबद्दल तक्रार नाही."

"मी तक्रार घ्यायला आलेले नाही. मला समजून घ्यायचंय. तुम्हांला दुखायला लागलं, तेव्हा तुम्ही हाक मारलीत का?"

"मारली की."

"काय म्हणालात?"

"म्हणालो, काकू, छातीत कळ येतेय, खरंच येतेय." मामांनी डोळे मिटले. "'खरंच' हा शब्दच नडला. तो तर मी नेहमीच म्हणायचो."

"नेहमी?"

मामांनी मांडीवरचा रेडिओ बाजूला सरकवला. विषय बदलल्यासारखे ते म्हणाले, "बाई, मी तरुणपणी नाटक मंडळीत होतो. पडदा ओढायचो. आमची सगळी नाटकं मला तोंडपाठ होती, पण पडद्याच्या पुढे जायचा योग काही आला नाही. माणसाला एकदा तरी वाटतं हो, आपल्यालाही कोणीतरी बघावं." ते ओशाळं हसले. "त्या माणसांना बोल लावू नका. ती वाईट नाहीत. टाळ्या वाजल्या ना, तेव्हाच मी ओळखलं की आता मदत यायची नाही."

मेट्रनबाई खुर्चीत ताठ झाल्या.

"टाळ्या? तुम्ही मरायला टेकलात, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या?"

मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तोंड फिरवून म्हणाले, "हळूच. डॉक्टरांना ऐकू जाऊ नयेत म्हणून."

५

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेट्रनबाईंनी सगळ्यांना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बोलावलं. बेकरीवाले, शिंपीणकाकू, खिडकीताई आणि बाकीचे नेहमीचे. डॉक्टर त्यांच्या दारात उभ्या होत्या. कोणी खोकलं नाही.

"मी आधी चुकीच्या दिशेनं विचार करत होते," मेट्रनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, ही माणसं निर्दय आहेत. पण निर्दय माणूस आपला नंबर दुसऱ्याला देत नाही. नंबर कोण देतो? ज्याला आत जायची घाई नाही तो. दुखत असतं त्याला घाई असते. म्हणजे इथे दुखत कोणालाच नव्हतं. लंगडा पाय आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरा. खोकला दार उघडलं की सुरू, लागलं की बंद. औषधांचं कपाट भरलेलं. इथे येणारी बहुतेक माणसं धडधाकट आहेत. बरोबर?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"धडधाकट माणसं दवाखान्यात दिवस घालवतात ती कशासाठी? गेल्या वर्षी इथे कोणी फिरकत नव्हतं, म्हणून खातं हा दवाखाना बंद करणार होतं. ही बातमी इथे आधी कोणाला कळली असेल? खात्यातून इथे येणारा फोन जी उचलते तिला."

खिडकीताई हुंदका देत म्हणाली, "मीच सांगितलं बेकरीत. मला राहवलं नाही. माझ्या आईला डॉक्टरांनीच वाचवलंय."

"तिला काही म्हणू नका," बेकरीवाले उठून उभे राहिले. या वेळी ते लंगडले नाहीत. "कल्पना माझी. रिकामं दुकान बंद पडतं, हे मला माहीत आहे. म्हटलं, दवाखाना भरलेला दिसला की झालं. पाळ्या लावल्या. खरा पेशंट आला तर त्याला आधी सोडायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. मामा आमचे हिरो. चक्कर, उचकी, कंबरेत उसण, काय वाटेल ते करून दाखवायचे. दार बंद असलं की आम्ही हळूच टाळ्या वाजवायचो. त्या दिवशी ते म्हणाले होते, आज छातीत कळ."

"आणि कळ खरीच आली," मेट्रनबाई म्हणाल्या.

शिंपीणकाकूंनी पदर तोंडात धरला होता. तो काढून त्या म्हणाल्या, "ते माझ्याकडे बघत होते हो. घाम बघून मी म्हटलं, मामा, आज इतकं छान जमलंय! पहिली टाळी मी वाजवली." आणि त्या इतक्या रडल्या की शेजारची बाई त्यांना धरून बसली.

"एक गाठ राहिली," काकू सावरल्यावर मेट्रनबाई म्हणाल्या. "खात्याला फोन कोणी केला? तुमच्यापैकी कोणी नाही. स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल? मामांच्या घरचं म्हणावं, तर ते एकटे राहतात. फोन करणारी बाई म्हणाली, नाडी चुकत होती. घाम सगळ्यांना दिसला. पण नाडी दिसत नाही, ती हातालाच लागते. आणि त्या दिवशी मामांच्या मनगटाला एकाच माणसाचा हात होता."

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"डॉक्टर?" बेकरीवाल्यांचा आवाज चिरकला. "तुम्ही? तुमचाच दवाखाना बंद व्हावा म्हणून?"

डॉक्टर पुढे येऊन बाकावर त्यांच्यातच बसल्या.

"काका, पहिल्या आठवड्यातच मला कळलं होतं. कितीदा वाटलं, तुम्हांला सांगावं, येऊ नका. पण तुम्ही दाराआडून खोकायला लागलात की माझा राग जायचा. तुमची माया गोड लागत होती मला. म्हणून गप्प राहिले, आणि त्याची किंमत मामांनी मोजली." त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. "त्या दिवशी गाडी गेल्यावर मी आत येऊन बसले आणि ठरवलं, हे थांबलंच पाहिजे. मी सांगितलं असतं, तर तुम्ही चार दिवस थांबून पुन्हा आला असता. तुम्हांला मी काय ओळखत नाही? मला बाहेरचं माणूस हवं होतं. दवाखाना गेला तर जाऊ दे. पण माझ्या बाकावर कोणी खरं ओरडेल आणि ते खोटं वाटेल, हे मला परत नको."

बेकरीवाले खाली बसले. "पण तुम्ही गेलात तर आम्ही कुठे जायचं?" ते लहान मुलासारखं म्हणाले.

६

"बाई, तुम्हीच सांगताय की तिथे पेशंट नाहीत," साहेब म्हणाले. "मग दवाखाना हवा कशाला?"

मेट्रनबाईंनी काही लपवलं नव्हतं. खोटी गर्दी, टाळ्या, डॉक्टरांचं मौन, नर्सची रिकामी जागा, सगळं जसं होतं तसं सांगितलं होतं.

"साहेब, आग लागत नाही म्हणून बंब मोडीत काढतो का आपण? मी दारोदार जाऊन आले. तिथल्या माणसांची साखर ताब्यात, रक्तदाब ताब्यात, मुलांना लशी वेळेवर. मोठ्या हॉस्पिटलात विचारलं, तर त्या भागातून फारसं कोणी आडवं होऊन येतच नाही. ही काळजी चांगली घेतल्याची खूण आहे. रिकामी बाकं बघून तुम्ही शिक्षा कोणाला देताय? चांगलं काम करणाऱ्याला."

"आणि तो म्हातारा?"

"तो वाचला, कारण डॉक्टर दहा पावलांवर होत्या. मोठं हॉस्पिटल बरंच लांब आहे. तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. चूक झाली, मी नाही म्हणत नाही. पण तिच्यावरचा उपाय टाळं नाही, नर्स आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना वाद घालायचा होता, पण मुद्दा सापडेना. "दोन वर्षं," ते शेवटी म्हणाले. "नर्स देतो. दोन वर्षांनी पुन्हा बघू. आणि कोणी नाटक करताना दिसलं तर..."

"दिसणार नाही."

निकाल फोनवर कळवता आला असता. पण मेट्रनबाई स्वतः निघाल्या. जिना चढून दवाखान्यात पोचल्या, भिंतीला जरा टेकल्या, तेव्हा बाकांवर एक गरोदर मुलगी आणि तिची सासू, एवढीच माणसं होती. त्या दोघी आत जाऊन आल्या. मग मेट्रनबाईंनी बातमी सांगितली. खिडकीताई टुणकन उठून बेकरीकडे पळाली. डॉक्टरांनी मात्र टेबलावर डोकं टेकलं. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

"चला, मी निघते," मेट्रनबाई म्हणाल्या.

"थांबा." डॉक्टर डोळे पुसत त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांची नजर बाईंच्या पावलांवर गेली. "चपलेचे पट्टे रुतलेत तुमच्या. पाय कधीपासून सुजतायत?"

"छे, ते प्रवासानं. आमच्या कामात बसायला कुठे मिळतं!"

"आणि जिना चढून आल्यावर मघा भिंतीला टेकून उभ्या होतात, तेही प्रवासानंच? शेवटचं कधी दाखवलंत कोणाला?"

मेट्रनबाईंनी साऱ्या मुलखाचे दवाखाने तपासले होते, पण स्वतःला दाखवायला त्या कुठल्याही दवाखान्यात गेल्या नव्हत्या. वॉर्डात उभं आयुष्य गेलं की दुखणी ही दुसऱ्यांचीच असतात असं वाटू लागतं.

"दंड पुढे करा," डॉक्टर म्हणाल्या.

पट्टा दंडाभोवती आवळला, सैल झाला. डॉक्टरांनी तो पुन्हा एकदा आवळला. मग कानातल्या नळ्या काढल्या.

"किती आहे?" मेट्रनबाईंनी विचारलं. आपला आवाज एवढा बारीक कधी झाला, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

"सांगितलं तर आणखी वाढेल. आज औषध सुरू करायचं. मीठ कमी. आणि पुढच्या आठवड्यात परत दाखवायला यायचं. इथेच. सबबी चालणार नाहीत."

"अहो, एवढ्या लांबून?"

"हो, लांबून."

बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती. बेकरीवाल्यांचा आवाज सगळ्यांच्या वर येत होता. मेट्रनबाईंनी बाही खाली ओढली, गुंडी लावली, आणि टेबलावरची गोळ्यांची पुडी मुकाट्यानं पिशवीत ठेवली.

"सकाळी येऊ की संध्याकाळी?" त्यांनी विचारलं.